दंडारीचं निवेदन घेऊन कोणाकडे जावं: राज्यमंत्री की पालकमंत्री

धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपत आला की मला दरवर्षी दोन-चार फोन येतात. आजूबाजूच्या गावचेच असतात, कोणाची दंडार (दिवाळीनंतर रात्रभर चालणारा आमच्याकडचा लोकनाच) आहे, कोणाच्या तलावाच्या पाळीवर जुनं दगडी देऊळ आहे, कोणाच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, मोठी भरते. प्रश्न सगळ्यांचा एकच, "भाऊ, अधिवेशनात निवेदन द्याचं हाये, कोनाले द्याव?" म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पर्यटन-सांस्कृतिक खात्याच्या राज्यमंत्र्याला गाठावं की आपल्या जिल्ह्याच्या पालकमंत्र्यालाच धरून राहावं. आमच्या गावच्या दंडार मंडळानं हे दोन्ही दरवाजे वाजवून पाहिले आहेत, आठ-नऊ वर्षं त्यात गेली, म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो. राज्यमंत्री म्हणजे खात्यात कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालचा मंत्री, पालकमंत्री म्हणजे एका जिल्ह्याची जबाबदारी दिलेला मंत्री, आणि जिल्हा नियोजन समिती म्हणजे जिल्ह्याच्या विकासाचा पैसा कुठं लावायचा ते ठरवणारी समिती, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी आमची मागणी काय होती ते सांगतो, कारण मागणीवर बरंच अवलंबून आहे. आमचं गाव वैनगंगेच्या पट्ट्यातलं. गावाबाहेर मामा (माजी मालगुजारी) तलाव, पाळीच्या खाली लहानसं हेमाडपंती देऊळ, पुढे आखर, म्हणजे गावाची मोकळी जागा, आणि त्या आखरावर दिवाळीनंतर दंडार. आमच्या आज्याच्या आज्यानं तिथंच दंडार नाचली असं घरोघरी सांगतात. मागण्या तीन होत्या. देवळाच्या मंडपाचे दोन खांब कलले होते आणि वरची एक शिळा सरकली होती, ते कोणीतरी जाणत्या माणसानं नीट करून द्यावं. दंडारीसाठी जागा नीट करावी, ढोलकी-झांजा आणि कपडे ठेवायला एक खोली द्यावी. आणि मोठ्या रस्त्यावर एक फलक लावावा, म्हणजे ताडोब्याला किंवा मार्कंड्याच्या देवळाला जाणारा माणूस अर्धा तास आमच्याकडेही वळेल. एवढंच. यापेक्षा मोठं स्वप्न आम्ही तेव्हा पाहिलं नव्हतं.

पहिले आम्ही पालकमंत्र्यांकडेच गेलो, जसे सगळे जातात. आणि खरं सांगायचं तर पैशाच्या बाबतीत त्या दरवाज्याला तोड नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच, सदस्य सचिव कलेक्टर, म्हणजे ज्यानं हो म्हणायचं आणि ज्यानं चेक काढायचा ते दोघंही एकाच बैठकीत बसलेले असतात. निवेदनावर पालकमंत्र्यांचा शेरा पडला की जिल्हा नियोजन अधिकारी तो कागद बाजूला ठेवू शकत नाही. आमचं तसंच झालं. झेंडावंदनाच्या दिवशी निवेदन दिलं, आमदार साहेबांनी दोनदा आठवण दिली, ग्रामसभेचा ठराव झाला, गावाला क वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला, बांधकाम विभागाचा इंजिनिअर येऊन टेप लावून गेला, आणि ३१ मार्चच्या आत प्रशासकीय मान्यता हातात. एवढ्या लवकर सरकारी काम मी माझ्या घरच्या विहिरीचंही पाहिलं नव्हतं. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले आणि ते खोट्या आनंदाचे नव्हते, त्या पैशासाठी धावणाऱ्या प्रत्येक माणसाचे उपकार मी आजही मानतो.

पण मग काम सुरू झालं, आणि ज्या गोष्टीनं माझं मत फिरवलं ती इथून सुरू होते. गट्टू.

आम्ही मागितली होती दंडारीची जागा, अंदाजपत्रकात लिहून आलं "परिसर सौंदर्यीकरण", आणि परिसर सौंदर्यीकरण म्हणजे आखरभर सिमेंटचे गट्टू (फरशीसारखे बसवायचे ठोकळे), दोन हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे), आणि देवळाच्या पुढे टिनाचा सभामंडप. मी आणि मंडळातले दोघं इंजिनिअर साहेबांकडे गेलो. माणूस चांगला होता, आम्हाला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकलं. आमच्या दंडारीतले सर्वात जुने बाबाजी सोबत होते, ते म्हणाले, "साहेब, आमाले गट्टू नोको जी, माती पायजे. गट्टूवर पाय वाजत नाई." साहेबांनी जे सांगितलं ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, बाबाजी, तुमचं मला पटते, पण गट्टू मला मोजता येतात, इतके चौरस मीटर, इतका दर, एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, लिहिलं की बिल निघालं. मातीचं अंगण धुमसून दिलं तर ते पुढच्या पावसाळ्यानंतर ऑडिटवाल्याला दाखवू काय? आणि कललेला खांब सरळ करायचा तर त्याचा दर माझ्या दरसूचीत कुठं आहे?

यात कोणाची खोट नव्हती हेच मला जास्त लागलं. मंत्र्यांनी पैसा दिला, इंजिनिअरनं नियमात काम केलं, ठेकेदारानं वेळेत संपवलं, आणि आमची दंडार गेली. जिल्हा योजनेचा पैसा ज्या वाटेनं येतो ती वाटच बांधकामाची आहे, त्यामुळे तुम्ही काहीही मागा, शेवटी ते सिमेंट होऊनच गावात येतं. त्या दिवाळीनंतर आम्ही गट्टूवर दंडार केली. मातीवर वीस-पंचवीस माणसांचे घुंगरू बांधलेले पाय एकदम पडतात तेव्हा जो आवाज छातीत बसतो तो त्या वर्षी आलाच नाही, नुसता खडखडाट. अनवाणी नाचणारी पोरं रात्री दोनपर्यंत कशीबशी नाचली, नाहीतर पहाटेपर्यंत चालायची. तिघांच्या टाचा सुजल्या. दुसऱ्या वर्षी दोन पोरं म्हणाली, काका, यंदा आम्ही नाई. मोजमाप मागाल तर माझ्याकडे हेच आहे, पहाटेपर्यंत चालणारी दंडार दोनला आटोपली.

देवळाचं तर त्याहून वाईट. गट्टू बसवायला खाली मुरमाचा भराव टाकला, त्यानं आखराची पातळी हातभर वर आली, आणि देवळाच्या जोत्याचा खालचा नक्षीचा थर भरावाखाली गेला. आधी पावसाचं पाणी देवळापासून उतरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायचं, आता ते उलटं जोत्याकडे येतं. खांब जसे कललेले होते तसेच, वरची शिळाही तशीच, फक्त आता समोर टिनाचा मंडप असल्यामुळे रस्त्यावरून देऊळच दिसत नाही. ज्या गोष्टीसाठी पाहुणा वळावा असं म्हणत होतो तीच झाकली.

म्हणून आम्ही दुसरा दरवाजा धरला.

राज्यमंत्र्याचे तोटे आधी सांगतो, कारण मी त्यांच्या बाजूचा आहे हे तुम्हाला पुढे कळेलच, तर आधी उलटी बाजू मांडलेली बरी. पहिला तोटा, अधिकार. राज्यमंत्र्याला त्याच्या खात्यात काय पाहू द्यायचं हे कॅबिनेट मंत्री ठरवतात, कामाचं वाटप त्यांच्याकडून येतं, मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यमंत्री एरवी बसत नाहीत. निधीची किंवा धोरणाची फाईल असेल तर ती वर जातेच. दुसरा तोटा, त्यांच्याकडे एक खातं नसतं, पाच-सहा असतात, त्यात पर्यटन किंवा सांस्कृतिक कार्य हे बहुतेक यादीत शेवटी लिहिलेलं. तिसरा म्हणजे विभागाचं नाव जरी "पर्यटन व सांस्कृतिक कार्य" असं जोडून असलं तरी वर मंत्री दोन असू शकतात. २०१९ नंतरच्या सरकारात पर्यटन आदित्य ठाकरेंकडे होतं आणि सांस्कृतिक कार्य अमित देशमुखांकडे. नंतरच्या सरकारात सांस्कृतिक कार्य सुधीर मुनगंटीवारांकडे आणि पर्यटन दुसऱ्यांकडे. आता आमच्यासारख्या गावाची मागणी पाहा, देऊळ म्हणजे पुरातत्त्व, ते सांस्कृतिक कार्यात येतं, दंडार पण तिकडेच, आणि फलक म्हणजे पर्यटन. एकाच कागदाचे दोन धनी होतात.

आणि चौथा तोटा सगळ्यात मोठा, राज्यमंत्री असेलच याची खात्री नाही. घटनेप्रमाणे मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नेमता येत नाहीत, आपल्या २८८ च्या सभागृहात म्हणजे मुख्यमंत्र्यांसकट ४३, आणि त्यात राज्यमंत्री किती करायचे, करायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर. २०२२ च्या जूनपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत राज्यात एकही राज्यमंत्री नव्हता, जे होते ते सगळे कॅबिनेट. त्याआधी २०२० आणि २०२१ ला हिवाळी अधिवेशन मुंबईलाच झालं, नागपूरला आलंच नाही. म्हणजे आमची फाईल एवढी वर्षं नुसती झोपली. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यात सहा राज्यमंत्री होते आणि त्या सहातले तिघं विदर्भातले, तेव्हा आमच्या मंडळाच्या खोलीत पुन्हा फाईल शोधायला सुरुवात झाली.

आता या सगळ्याच्या नंतरही मी तिकडेच का झुकतो ते सांगतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते या सगळ्याच्या आधीच्या एका अधिवेशनात. जे राज्यमंत्री तेव्हा होते ते आज त्या खात्यात नाहीत, नाव लिहत नाही. अधिवेशनात नागपूरला कॅबिनेट मंत्री रवी भवनात उतरतात आणि राज्यमंत्री नाग भवनात, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना दोन्हीकडच्या गर्दीतला फरक सांगायला नको. रवी भवनाच्या कॉटेजपुढे सकाळी सातपासून माणसांची रीघ, तुमचा नंबर लागेपर्यंत गाड्यांचा ताफा विधानभवनाकडे निघालेला असतो, निवेदन पीएच्या हातात आणि तिथून गठ्ठ्यात. नाग भवनात आम्ही संध्याकाळी साडेसातला गेलो, दीड तास थांबलो, थंडी होती, पण आत गेलो तेव्हा बसायला खुर्ची मिळाली. सात-आठ मिनिटं बोलायला मिळाली असतील, पण त्या आधी कोणत्याच मंत्र्यासमोर आम्हाला दोन मिनिटांच्या वर मिळाली नव्हती. बाबाजींनी मोबाईलवर गट्टूवरची दंडार आणि त्याआधीची मातीवरची दंडार असे दोन व्हिडिओ लावले, काही बोललेच नाहीत. मंत्र्यांनी दुसरा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, पैसे मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही, पण तुम्हाला ज्यांच्याशी बोलायला पायजे त्यांना मी इथं बोलावतो.

आणि बोलावलं. अधिवेशन संपायच्या दोन दिवस आधी बैठक लावली. पुरातत्त्व संचालनालयाचे नागपूरचे अधिकारी, पर्यटनाच्या प्रादेशिक कार्यालयाचे, सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे, असे तिघं एका टेबलावर, आणि समोर आम्ही चौघं, धान विकायचं सोडून आलेलो. मला हे आजही मोठं वाटतं. जिल्ह्यात या तिघांपैकी एकाचंही ऑफिस आम्ही कधी पाहिलं नव्हतं. जिल्हा नियोजनच्या बैठकीत रस्ते असतात, पाणी असतं, दवाखाने असतात, आणि ते असायलाच पायजे, तिथं दगडी खांबाबद्दल बोलणारा माणूसच बसलेला नसतो. इथं त्या पुरातत्त्ववाल्या साहेबांनी फोटो पाहताच पहिला प्रश्न विचारला, भराव केव्हा टाकला. मला तेव्हाच कळलं की आपण बरोबर दारात आलो.

बैठकीचं इतिवृत्त निघालं, त्यावर क्रमांक होता. हा कागद जपून ठेवण्यासारखा असतो बरं का, नुसत्या शेऱ्यापेक्षा खूप वेगळा. शेरा कसा असतो तुम्हाला माहीत आहे, "तपासून सादर करावे" किंवा "नियमानुसार कार्यवाही करावी", असे आमच्या फाईलमध्ये पाच आहेत आणि पाचांनी मिळून एक कागद हलला नाही. इतिवृत्तात कोणत्या कार्यालयानं काय करायचं हे नावानिशी लिहिलेलं असतं, मंत्री बदलले तरी ते कार्यालयात राहतं, आणि तुम्ही दोन वर्षांनी जाऊन विचारू शकता की साहेब, मुद्दा क्रमांक तीनचं काय झालं.

चार महिन्यांनी पुरातत्त्वची दोन माणसं गावात आली, एस्टीनं आली आणि दोन दिवस राहिली. देवळाचं माप घेतलं, प्रत्येक खांबाचा फोटो काढला, आणि आम्हाला बसवून सांगितलं की आतल्या मूर्तीच्या चौकटीला जो ऑइल पेंट मारता तो बंद करा, त्यानं दगडाचा श्वास कोंडतो आणि पापुद्रे निघतात, भेगेत सिमेंट भरू नका, आणि जोत्याभोवतीचा भराव काढा. चाळीस वर्षं आम्ही दर पोळ्याला भक्तीनं तो पेंट मारत होतो. कोणी सांगितलंच नव्हतं. खांबांना त्यांनी तात्पुरता लाकडी टेकू कसा द्यायचा ते गावच्या सुताराला दाखवलं, तो टेकू आजही आहे. या सगळ्याला सरकारचा खर्च किती झाला असेल, फार तर दोन माणसांचा दोन दिवसांचा भत्ता. पण माझ्या मते सभामंडपाच्या सगळ्या पैशापेक्षा त्या दोन दिवसांनी देऊळ जास्त वाचवलं.

दंडारीचं नाव संचालनालयाच्या यादीत गेलं आणि दीड वर्षानं एका महोत्सवाला नागपूरला बोलावणं आलं. येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन मिळालं, मोठी रक्कम नव्हती, पण जी दोन पोरं सोडून गेली होती ती परत आली. रस्त्यावरचा फलक मात्र अजून लागला नाही हेही सांगून ठेवतो, पर्यटनवाल्यांकडे तो मुद्दा अजून "प्रस्तावित" आहे. आणि देऊळ राज्य संरक्षित व्हायचं काम अजून बाकी आहे. १९६० च्या कायद्याप्रमाणे आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग अंतिम. आमची अजून पहिलीच निघायची आहे. तेव्हा राज्यमंत्र्याकडे गेलं की सगळं होतं असं मी म्हणत नाही. हळू होतं. पण जे होतं ते उलटं फिरवून काढावं लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी आमच्या आमदार साहेबांच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं शिकवली. अधिवेशनात आमदाराचा तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) किंवा लक्षवेधी सूचना लागली की उत्तर द्यायला बरेचदा राज्यमंत्रीच उभे राहतात, कारण कॅबिनेट मंत्री दुसऱ्या सभागृहात असतात. सभागृहात "पाहणी करून अहवाल मागवू" असं एक वाक्य जरी बोलले तरी ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणजे राज्यमंत्र्याच्या सहीला वजन कमी असेल, पण सभागृहातल्या त्यांच्या बोलण्याला नाही. तेव्हा नाग भवनात जायच्या आधी आपल्या आमदाराकडून प्रश्न लावता येतो का पाहा, त्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, दिवाळी संपली की लगेच हलायला पायजे.

पण कोणालाही भेटायच्या आधी एक काम घरीच करा. तुमच्या देवळाजवळ किंवा किल्ल्याजवळ केंद्र सरकारचा, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक आहे का पाहा. असेल तर राज्यमंत्री आणि पालकमंत्री दोघंही तिथं दगडाला हात लावू शकत नाहीत. मार्कंड्याचं देऊळ तसंच आहे, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथं उत्तरेकडे वळते तिथं, आणि तिथल्या मुख्य देवळाचं काम किती वर्षं रखडलं हे आपल्या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. वैरागडचा किल्ला पण केंद्राकडेच. अशा ठिकाणी १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. तिथं तुमचा रस्ता खासदाराकडून दिल्लीला जातो आणि त्यातलं मला फारसं कळत नाही, तेवढा अनुभव नाही. फलक राज्याचा असेल किंवा आमच्यासारखा कोणाचाच नसेल तरच हा लेख तुमच्या कामाचा.

म्हाताऱ्या कलाकारांच्या मानधनाचं लोक याच निवेदनात घुसवतात, ते करू नका. ते आता महिन्याला ५००० आहे, वयाची अट ५० ची आहे, जिल्हा पातळीवरच्या समितीकडून ठरतं, त्याचा अर्ज वेगळा भरा. एका कागदावर चार मागण्या लिहिल्या की तो कागद सर्वात सोप्या मागणीच्या टेबलावर जाऊन थांबतो आणि बाकीच्या तीन तिथंच मरतात. आमच्या पहिल्या निवेदनाचं तेच झालं, सोपी मागणी होती जागा, आणि जागा म्हणजे गट्टू.

मग कोणाला काय सांगू. तुम्हाला देवळापर्यंत रस्ता पायजे, संडास पायजेत, यात्रेच्या दिवशी पाणी आणि उजेड पायजे, तर सरळ पालकमंत्री, एक दिवसही दुसरीकडे घालवू नका. हे बांधकामच आहे आणि ते तिकडेच चांगलं होतं. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या यात्रेसारखी लाखानं माणसं येणारी जागा असेल तर तिथं जिल्ह्याची यंत्रणाच उभी राहू शकते, राज्यमंत्री तिथं काय करणार. पण तुमच्याकडे जे आहे ते जुनं आहे, नाजूक आहे, दगड आहे किंवा नाच आहे किंवा गाणं आहे, आणि त्याला हात कसा लावायचा हे तुम्हालाच नीट माहीत नाही, तर मला वाटतं आधी राज्यमंत्र्याचं दार वाजवावं, जाणत्या माणसाला गावात आणावं, त्याच्याकडून लिहून घ्यावं की काय करायचं आणि काय करायचं नाही, आणि तो कागद हातात घेऊन मग पालकमंत्र्याकडे पैसे मागायला जावं. आम्ही उलटं केलं, पैसे आधी आणले आणि जाणता माणूस नंतर. संरक्षित स्मारक झालं तर जिल्हा योजनेतूनही जतनासाठी पैसा मिळायची सोय आहे, म्हणजे शेवटी दोन्ही दारं लागतातच. पण पहिलं कोणतं, यावर बरंच ठरतं. कदाचित तुमच्या जिल्ह्यातले पालकमंत्री स्वतः कलेची आवड असलेले असतील तर वेगळा अनुभव येईल, तसे असतातही, मी माझ्या गावापुरतं बोलतोय.

जाताना काय न्यायचं तेही विचारतात. ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा सातबारा किंवा नमुना ८ हे तर न्यालच. आमचा अनुभव असा की जुना फोटो सगळ्यात जास्त काम करतो, कोणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागे देऊळ आलेलं असतं तो शोधा. व्हिडिओ एक मिनिटाचा ठेवा, आणि दंडार म्हणजे काय हे निवेदनात तीन ओळींत लिहा, पानभर नको. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून झाडीपट्टी हा शब्द समजावून सांगायला अधिकाऱ्यांपुढे कमी वेळ लागतो, निदान मला तरी तसं दिसलं. आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, थंडीचे कपडे घालून. आमच्या चौघांत बाबाजी नसते तर ती बैठक लागली नसती असं मला अजूनही वाटतं.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला, पंचायत समितीला कळवलं, पुरातत्त्वच्या त्या अहवालाची प्रत जोडली, आणि देवळाच्या पुढचे गट्टू काढले. सगळे नाही, जोत्याभोवतीचे आणि आखराच्या मधले, वीस बाय वीस हाताचा तुकडा. काढलेले गट्टू शाळेच्या नळाजवळ चिखल व्हायचा तिथं बसवले, वाया गेले नाहीत. भराव उपसल्यावर जोत्याचा नक्षीचा थर पुन्हा वर आला, दोन हंस आणि वेल, नव्या पोरांनी तो पहिल्यांदाच पाहिला. खालची माती बायांनी शेणानं सारवली. त्या वर्षी दंडार पहाटे साडेचारपर्यंत चालली.

यंदा अधिवेशनात आम्ही प्राथमिक अधिसूचनेसाठी पुन्हा नाग भवनात जाणार आहोत. बाबाजी आता चालत नाहीत, त्यांना गाडीत बसवून नेऊ. इतिवृत्त कसं असतं ते ज्यांना पाहायचं असेल त्यांनी मंडईच्या दिवशी गावात या, फाईल मंडळाच्या खोलीत ढोलकीच्या पेटीवर ठेवलेली असते.